वाघोबा आमच्या शिवेवर, कारभार पुण्यात



पुण्याहून एक कागद आलाय. पेरणीच्या गडबडीत तो गावोगाव फिरतोय. सरपंचाला गाठायचं, ग्रामसेवकाला बाजूला घ्यायचं आणि म्हणायचं, "इथं ठराव, इथं सही, इथं शिक्का. बाकीचं आम्ही बघतो." कागदाचा मथळा आहे 'लोकसहभागातून वन्यजीव व्यवस्थापन'. मथळा वाचून कुणालाही बरं वाटेल, आम्हालाही वाटलं. म्हणून या कागदावर पुण्यात बैठक होती तिथं आम्ही पाचजण जाऊन आलो. काय बघितलं ते आधी सांगतो, मग या कागदाचं काय करायचं ते बोलू. ज्या गावांनी अजून सही केली नाही त्यांनी हे पत्रक वाचून होईपर्यंत थांबावं. केली असेल त्यांनीही वाचावं, ग्रामसभेला आपला ठराव फिरवता येतो.

पहाटेच्या एसटीनं मंचर, तिथून शिवाजीनगर, तिथून विचारत विचारत चालत. सभागृहात गारठा एवढा की आमच्यातल्या मावशीनं पदर कानावरून घेतला तो संध्याकाळपर्यंत. भिंतीवर भीमाशंकर अभयारण्याचा भलामोठा नकाशा होता. शेकरू कुठं, सांबर कुठं, भेकर कुठं, बिबट्या कुठं, सगळ्यांची रंगीत चित्रं चिकटवलेली. मावशी जवळ जाऊन आपलं गाव शोधत राहिली. देऊळ होतं, घाटरस्ता होता, नदी होती. गाव नव्हतं. "आमचं घर कुठं गेलं रं?" तिनं विचारलं. तिथल्या एका पोरानं सांगितलं, "मावशी, हा फक्त वन्यजीवांचा नकाशा आहे." पोरगं बिचारं खरंच बोललं. सगळ्या बैठकीची गोष्ट त्यानं एका वाक्यात सांगून टाकली.

सकाळभर पडद्यावर चित्रं. जेवणानंतर 'स्थानिकांचे मनोगत', त्याला दहा मिनिटं. "तुमच्या अपेक्षा सांगा," म्हणाले. मावशी उभी राहिली. "अपेक्षा काय नाय. हिशोब हाय. तुमी रानाचं काय केलं, आमी काय केलं, बसून हिशोब करू." टाळ्या वाजल्या, आणि पुढच्या साहेबांना माईक दिला. निघताना हजेरीपत्रकावर सह्या घेतल्या, फोटो काढले. आमच्या त्या पाच सह्यांचं पुढं 'स्थानिक समुदायाशी सल्लामसलत पूर्ण' असं होणार, हे न कळण्याइतकं आता कुणी अडाणी राहिलेलं नाही.

आता कागदात काय आहे ते बघू. गावाची समिती करायची. समितीचा सचिव वनपाल. बँकेतल्या खात्यावर अध्यक्षाची आणि सचिवाची अशा दोन सह्या, म्हणजे वनपाल सही करेल तेव्हा पैसा निघेल. गावानं काय करायचं याची यादी लांब आहे : वणवा विझवायचा, शिकाऱ्याची खबर द्यायची, चराई थांबवायची, राबासाठी फांद्या तोडायच्या नाहीत, हिरडा गोळा करायचा नाही. बदल्यात गॅसची शेगडी आणि पोरांना 'गाईड'चं प्रशिक्षण. आणि कुठला प्राणी कुठं सोडायचा, कुठं पिंजरा लावायचा, कुठला रस्ता रात्री बंद ठेवायचा, यात्रेला किती गाड्या वर येऊ द्यायच्या, कुठल्या डोंगरावर काय बांधायचं, हे ठरवण्यात गाव कुठं आहे? कुठंच नाही. गाव राबायला आहे. ठरवायला पुणं आहे.

हा साचा नवीन नाही. संयुक्त वनव्यवस्थापनाच्या नावानं १९९२ पासून आपण तो बघतोय. झाडं लावायला 'संयुक्त', राखायला 'संयुक्त', आणि निर्णयाच्या वेळी खुर्ची एकाचीच. वन्यजीव कायदा २००२ साली दुरुस्त झाला, त्यात अभयारण्यासाठी सल्लागार समिती आली. तिचा प्रमुख मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानं नेमलेला बडा अधिकारी. आमदार आहेत, संस्था आहेत, वन्यजीवप्रेमी आहेत, गृहखात्याचा माणूस आहे. आणि पंचायतींचे प्रतिनिधी तीन. भीमाशंकर अभयारण्य पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलंय. म्हणजे जिल्ह्याला एक आला म्हणायचा. आणि समिती फक्त सल्ला देणार! मे २०१४ मध्ये सरकारनं ग्रामवनाचे नियम काढले, ते १९२७ च्या इंग्रजांच्या वनकायद्याच्या २८ व्या कलमाखाली. त्या कलमात सरकार गावाला जंगल 'सोपवतं' आणि मनात येईल तेव्हा ते सोपवणं रद्द करतं. नियमांच्या नावातसुद्धा रद्द करण्याचा शब्द आहे. बारशालाच तेराव्याची तारीख काढून ठेवावी तसं.

आणि हे सगळं कधी चाललंय? ज्या कायद्यानं हा अधिकार आपल्याला दिलाय तो कायदा होऊन सात वर्षं उलटल्यावर. वनहक्क कायदा २००६. या कायद्यात 'वनजमीन' म्हणजे काय सांगताना अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान ही नावं घेऊन लिहिलीत. म्हणजे 'अभयारण्यात वनहक्क लागू नाही' असं जो सांगतो तो खोटं बोलतो, किंवा त्यानं कायदा उघडून बघितलेला नाही. कलम ३(१)(झ), इंग्रजी प्रतीत आय : पिढ्यान्‌पिढ्या जे रान आपण राखत आलो ते राखायचा, वाढवायचा, सांभाळायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क. कलम ५ तर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावं असं आहे. ते म्हणतं, वन्यजीव, वन आणि जैवविविधता यांचं रक्षण करायला ग्रामसभा सक्षम आहे. रानात कुणी यायचं-जायचं याचं नियमन ग्रामसभा करेल, आणि वन्यप्राण्यांना, रानाला बाधा आणणारं काम थांबवायचा निर्णय घेईल. 'सहभागी होईल' असं तिथं लिहिलेलं नाही. घराच्या मालकाला त्याच्याच घरात 'सहभागी' करून घ्यायला कुणी येत असेल, तर तो पाहुणा की चोर ते आधी बघावं लागतं.

आम्ही हे नुसतं हक्क-हक्क म्हणून बोलत नाही. प्राण्यांचं काय झालं ते बोलू. हिशोब मावशीनं मागितलाय तर तोही करू.

जुन्नरचा बिबट्या घ्या. घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं, कुकडी प्रकल्पाची बाकीची धरणं झाली. आमची खाचरं, आमची गावं पाण्याखाली गेली आणि पाणी कालव्यानं खाली गेलं. खाली ऊस आला, मैलोन्‌मैल. बिबट्याला उसासारखी जागा नाही. दाट आडोसा, पाणी, वस्तीवरची कुत्री, शेळ्या, डुकरं. तिथंच तो राहायला लागला, तिथंच पिल्लं द्यायला लागला. ऊसतोडणीच्या वेळी पिल्लं सापडायला लागली. २००१ च्या सुमाराला आरडाओरड झाली आणि वरून उपाय आला : पिंजरा लावा, धरा, डोंगरातल्या जंगलात नेऊन सोडा. फेब्रुवारी २००१ पासून २९ बिबटे असे धरून सरासरी चाळीसएक किलोमीटर लांब, शेजारच्या जंगलांत सोडले. शेजारची जंगलं म्हणजे कुणाची? सह्याद्रीच्या कड्यावर जंगल कुठं उरलंय आणि त्यात कोण राहतं, हे पुण्याला ठाऊक नव्हतं काय? कुठल्या ग्रामसभेला विचारलं?

पुढं काय झालं ते विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी मोजून २०११ साली छापलंय. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात बिबट्याचे माणसांवर हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. धरून-सोडायचं काम सुरू झाल्यावर ते १७ झाले. आणि हल्ला झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात १८ होतं ते ३६ झालं. उपाय करायला गेले आणि माणसं जास्त मेली. कारण काय? बिबट्या आपल्या जागेकडं परत निघतो. वाटेत अनोळखी मुलूख, अनोळखी वस्त्या, दुसऱ्या बिबट्याची हद्द, पिंजऱ्यात जखमी झालेलं तोंड. आई धरली तर पिल्लं उपाशी, पिल्लं उचलली तर आई पिसाळलेली. हे सांगायला आम्हाला अभ्यास लागला नसता. म्हातारी कोंबडीसुद्धा टोपलीत घालून दुसऱ्या वाडीवर नेली तर संध्याकाळी परत येते. गोठ्यातल्या कुठल्याही पोरानं हे सांगितलं असतं, विचारलं असतं तर.

उलट काय उपयोगी पडलं तेही बघा. उसात पिल्लं सापडली की ती उचलून नेण्याऐवजी त्याच जागेवर खोक्यात ठेवायची, माणसांनी लांब व्हायचं. रात्री आई येते, एकेक तोंडात धरून नेते. जुन्नरच्या बाजूला हे आता कितीतरी वेळा झालंय. त्याला लागतं काय? शेतकरी, तोडणीवाले, वस्तीवरची माणसं यांनी धीर धरणं. म्हणजे खरं व्यवस्थापन शेवटी बांधावरच होतं, आणि तिथं जो उभा असतो त्याला समितीत मत नाही.

शेळी मेली तर काय होतं तेही लिहू. ४८ तासांत खबर द्यायची, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही, मग जनावरांच्या डॉक्टरचा दाखला. वरच्या वाड्यांवर फोनला रेंज नाही, पावसाळ्यात ओढा ओलांडता येत नाही. दोन दिवस शेळी दारात सडत ठेवायची तर बिबट्या पुन्हा दारात येणार, कारण ती त्याची शिकार आहे. हा नियम करणाऱ्यानं कधी शेळी पाळली नसावी. पंचनामा ग्रामसभेच्या समितीला करू द्या, दुसऱ्या सकाळी होईल. आणि रानडुकरानं एका रात्रीत वरई-नाचणी लोळवली तर माळ्यावर रात्र काढणाऱ्या माणसाच्या मजुरीचा हिशोब कुणी केलाय? आजवर या डोंगरात डुक्कर, वानर, साळिंदर पोसले ते आमच्या खाचरांनी. शासनाचा पोषण आहार तिथं पोहोचलेला नाही.

आता शेकरू. १९८५ साली भीमाशंकरचं सुमारे १३० चौरस किलोमीटर रान अभयारण्य झालं, ते मुख्य करून शेकरूसाठी. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शेकरूला काय लागतं? झाडाला झाड भिडलेलं. फांदीवरून फांदीवर तो जातो, जमिनीवर उतरायला बघत नाही. आंबा, जांभूळ, हिरडा, अंजनी अशी जुनी, उंच, दाटीची झाडं. १९८५ साली अशी झाडं कुठं शिल्लक होती? आहुपे, कोंढवळ, भोरगिरी या अंगाच्या देवरायांमध्ये आणि त्याच्या आसपास. इंग्रजांच्या काळापासून बाकीच्या रानावर कोळशासाठी, लाकडासाठी कुऱ्हाड चालली, आणि देवाच्या नावानं राखलेलं तेवढं उरलं. हे आम्ही म्हणत नाही. पुण्याचेच शास्त्रज्ञ, वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ, १९७०च्या सुमाराला सह्याद्रीतल्या देवराया बघत फिरले आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. त्या राया कुठल्या व्यवस्थापन आराखड्यानं राखल्या? कुठल्या वनपालाच्या सहीनं? रायीतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, एवढा एकच नियम, आणि तो पाळायला देव आणि गाव पुरेसे होते.

आणि वाघोबा. शिवेवर शेंदूर लावलेला दगड, त्यावर वाघाची आकृती. वाघबारशीला गुराखी दूध गोळा करून त्याच्यापुढं खीर करतात, पोरं वाघ बनून खेळतात. शहरातली माणसं हे बघून 'किती छान परंपरा' म्हणतात, फोटो काढतात. हा काही खेळ नाही बाबांनो. तो करार आहे. ही शीव तुझी, हा गोठा माझा. वर्षात एखादं वासरू गेलं तर आम्ही बोंब मारतो पण विष घालत नाही. या कराराच्या जिवावर या डोंगरात बिबट्या टिकलाय.

रानाला कुणाचा धोका आहे हे जर मोजायचंच असेल तर सगळ्यांचा मोजा. भीमाशंकरच्या दक्षिणेला खेड-मावळच्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या आल्या. त्यासाठी माथ्यावर रुंद रस्ते कापले, कडे फोडले, माती खाली ओढ्यांत आणि खाचरांत आली. पश्चिम घाट तज्ज्ञ गटानं, ज्याचे अध्यक्ष माधव गाडगीळच होते, २०११ च्या अहवालात हे प्रकरण नोंदवलंय. खालच्या वनाधिकाऱ्यानं 'इथं दाट जंगल आहे, शेकरू आहे, परवानगी देऊ नये' असं लिहून दिलं होतं, ते वरच्यांनी फिरवलं. म्हणजे आमच्या आजीनं हिरड्याची पाटी डोक्यावर घेतली तर शेकरूला त्रास, आणि डोंगर फोडून पाती लावली तर नाही! सुप्रीम कोर्टाच्या २००० सालच्या हुकुमानं अभयारण्यातून वाळकं लाकूड, गवत काढणं बंद झालं, आणि त्याचं बोट धरून हिरडासुद्धा बंद म्हणायला लागले. त्यानंतर आलेल्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी आपल्याला दिली, हे मात्र कुणी सांगायला येत नाही. श्रावणात आणि महाशिवरात्रीला लाखो माणसं वर येतात, येऊ देत, देव सगळ्यांचा आहे. पण त्यांच्या गाड्या किती, प्लास्टिक किती, हे ठरवताना खालच्या निगडाळे, तेरुंगणला कुणी बोलावतं का?

पुण्याचं एक मात्र आम्हाला आवडतं आणि ते मुद्दाम सांगतो. त्या शहरातली माणसं आपल्या टेकड्यांसाठी भांडतात. वेताळ टेकडीवर मोर आहेत, तिथनं रस्ता नको, म्हणून चळवळ करतात. २०१३ साली शहराचा विकास आराखडा आला तेव्हा हजारो पुणेकरांनी लेखी हरकती दिल्या, सुनावण्या मागितल्या. बरोबर केलं. तेव्हा पुणेकर काय म्हणाले? 'आम्हाला सहभागी करून घ्या, आम्ही वणवा विझवू' असं म्हणाले काय? ते म्हणाले, आमच्या टेकडीचं आम्हाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. आम्ही नेमकं तेच म्हणतोय. टेकडीऐवजी डोंगर आहे, मोराऐवजी बिबट्या आहे, आणि आम्ही तिथं फिरायला जात नाही, राहतो. पुण्यातल्या प्राणीमित्रांनी हे एवढं समजून घेतलं तर निम्मं भांडण मिटेल. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या गणनेला त्यातले बरेचजण येतात, रात्रभर मचाणावर जागतात. चांगली माणसं आहेत. आपली पोरं त्यांचं सामान आणि पाणी वर नेतात, आणि सकाळी पोरांनी ओळखलेला प्राणी त्यांच्या वहीत त्यांच्या नावानं लागतो. वही कुणाची, हा सगळा वाद आहे.

आता आपल्या घरातलं. हे लिहू नका असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं, 'उद्या हेच कात्रण आपल्या विरुद्ध दाखवतील.' दाखवू देत. आपल्यातली काही पोरं मोटारसायकलच्या क्लचवायरच्या फासक्या लावतात. डुकरासाठी लावली म्हणतात, अडकतं भेकर, अडकतो बिबट्या. काहीजण शेताभोवती लाइटची तार सोडतात, त्यात जनावर मरतं आणि कधी माणूसही मरतो. गवत चांगलं येईल म्हणून लावलेली आग रायीत शिरते. हे देवाच्या नियमात बसत नाही आणि कलम ५ मध्येही बसत नाही. रान आमचं म्हणायचं आणि फासकी बघून मान वळवायची, हे चालणार नाही. ज्या गावाची ग्रामसभा स्वतः फासक्या काढून आणून चावडीवर टाकेल, दंड लावेल, मग तो सरपंचाचा भाऊ का असेना, त्या गावाला पुण्याचा कागद नाकारायचा अधिकार शोभेल. बाकीच्यांनी आधी घर झाडावं.

काहीजण विचारतात, ग्रामसभेला हे खरंच जमतं का? गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. चारएकशे वस्तीचं गोंडांचं गाव. २००९ साली देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांत ते होतं, सुमारे १,८०० हेक्टर रान. पुढं दोन वर्षं बांबूचा वाहतूक परवाना कोण देणार यावर अडवून धरलं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या संमतीनं होतात, त्याला वेळ लागतो, भांडणं होतात, पण झालेला निर्णय टिकतो. ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ च्या पावसाळ्यात एकेक करून खाणीला नाही म्हटलं, आणि सुप्रीम कोर्टानंच त्यांना विचारायला सांगितलं होतं. लांबचा एक धडाही घ्या. आफ्रिकेत झिंबाब्वे देशात १९८९ पासून 'गावांनी वन्यप्राणी सांभाळावे आणि उत्पन्न घ्यावं' अशी मोठी योजना चालली, जगभर तिचं नाव झालं. पण अधिकार दिले जिल्हा कौन्सिलला. पैसा तिथंच अडकायचा, गावाला उरलंसुरलं. हत्ती मात्र गावच्या शेतात. म्हणून आम्ही सांगतो की तालुक्याची समिती नको, जिल्ह्याची नको, 'गावसमूहाची' नको. वाडीची ग्रामसभा. ज्याच्या शेतात डुक्कर येतं त्याचं नाव जिच्या यादीत आहे, ती.

एक भीती खरी आहे आणि ती लपवत नाही. 'धोक्यातलं वन्यजीव क्षेत्र' जाहीर करून गावं उठवतील का? कायद्याचं कलम ४(२) बघा. आधी हक्क देऊन संपले पाहिजेत. मग माणसांच्या राहण्यानं प्राण्यांचं भरून न येणारं नुकसान होतंय हे सिद्ध झालं पाहिजे. एकत्र राहण्यासारखा दुसरा कुठलाही मार्ग उरला नाही हे ठरलं पाहिजे. पुनर्वसनाच्या जागी सगळ्या सोयी पूर्ण झाल्या पाहिजेत. आणि ग्रामसभेची मोकळी, सगळं समजून दिलेली, लेखी संमती पाहिजे. 'एकत्र राहणं' हा शब्द कायद्यात आहे साथींनो. आपण तेच तर करत आलोय. पण याचा पुरावा आपल्याकडं लिहिलेला नाही, तोंडी आहे. पुण्याच्या नकाशात आपलं गाव नाही याचं निम्मं कारण हे, की आपला नकाशा आपण कधी काढला नाही.

म्हणून हे करायचं. पुण्याच्या कागदावर सही नाही. कुणाला शिव्या देऊ नका, कागद फाडू नका, तो फाइलला लावून ठेवा आणि खालचा ठराव ग्रामसभेत वाचून, चर्चा करून, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांनी लिहा. बाया निम्म्याहून कमी असतील तर ती सभा पुन्हा घ्या.

"आमची ग्रामसभा वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ आणि नियम ४(१)(इ) प्रमाणे वन्यजीव, वन आणि जैवविविधता रक्षण समिती स्थापन करत आहे. समितीचा सचिव गावातीलच राहील. आमच्या सामूहिक वनाचा संवर्धन व व्यवस्थापन आराखडा २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे समिती तयार करेल. वनविभागाच्या आराखड्याशी तो जोडताना समितीला योग्य वाटतील ते बदल केले जातील. आमच्या हद्दीत कोणताही वन्यप्राणी पकडणे, आणून सोडणे, तसेच रस्ता, बांधकाम, पवनचक्की किंवा पर्यटनाचे काम सुरू करणे, यासाठी ग्रामसभेची पूर्वसंमती आवश्यक राहील. वनविभागाच्या कर्मचाऱ्यांनी ग्रामसभेस येऊन माहिती द्यावी, आम्ही त्यांचे स्वागत करू."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. गार्ड आपल्या वैऱ्याच्या घरातला नाही, कित्येकदा तो आपल्याच घरातला असतो आणि रात्री एकटा काठी घेऊन फिरतो. त्याला गावाची साथ हवीच असते.

वही आजपासून घाला. शाळेची शंभरपानी चालेल. रानाची नावं लिहा, आपण म्हणतो तीच. राया कुठं, वाघोबा कुठं, पाणवठे किती आणि उन्हाळ्यात त्यातले कुठले टिकतात. शेकरूची घरटी कुठल्या झाडावर. बिबट्याचा माग दिसला ती तारीख. किती जनावरं गेली, किती पीक गेलं, पैसे मिळाले का, कधी. सापडलेल्या फासक्या, ज्यांनी काढल्या त्यांची नावं. म्हाताऱ्यांना विचारून लिहा, पोरींना लिहायला बसवा, त्यांचं अक्षर चांगलं असतं. सामूहिक दाव्याची पोच ज्यांच्याकडं आहे त्यांनी तिची झेरॉक्स वहीत चिकटवावी. ज्यांनी दावाच भरला नाही त्यांचे कोरे अर्ज आमच्याकडं आहेत.

स्टेन्सिलवरची जागा संपत आली. बैठक आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, नेहमीच्या देवळात, सकाळी अकराला. पावसानं वरची एसटी बंद असेल तर कोंढवळ, आहुपे, पिंपरगणेच्या साथींनी आदल्या संध्याकाळीच खाली उतरावं, झोपायची सोय आहे, भाकरी आपापली आणावी. पुण्याला आलेल्या मावशी वही घेऊन येणार आहेत. त्यांनी घरच्या घरी नातीकडून नकाशा काढून घेतलाय, त्यात त्यांचं घर आहे.